अपशकुनी फ्लॅट

केतकी आणि निरंजन यांचा घटस्फोट झाला, पण नाशिकचा फ्लॅट दोघांच्या नावावर राहिला. तो विकायचा नाही, भाड्यातून हप्ते फेडायचे आणि वीस वर्षं राखून ठेवायचा, असं दोघांनी ठरवलं.

केतकीच्या दिगंबरमामांना मात्र तो स्वतःला हवा होता, तोही निम्म्या भावात. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. सगळ्यांना जमवून ते म्हणाले, "वास्तू अपशकुनी आहे. तिथे संसार टिकत नाही. दुसरं कोण घेणार? मी घेतो, तुझी मामी आणि मी राहू तिथे."

आई केतकीला डोळ्यांनी 'हो म्हण' असं विनवत होती.

केतकी म्हणाली, "मामा, माझा संसार मोडला तो मोडला. तुमचाही मोडला तर मी कुणाला तोंड दाखवू? मामी, तू जाशील तिथे?"

"मी नाही बाई," मामी म्हणाल्या. "यांना हौस असेल तर जाऊ देत एकटे."

मामा चिडले. "मग भाडेकरू तरी कोण मिळणार?"

"मिळालेत. नोकरी करणाऱ्या तीन मुली. लग्न झालेलं नाही म्हणून त्यांना कुणी जागा देत नव्हतं. आमच्या वास्तूला तेच सोयीचं. मोडायला संसारच नाही."

सगळ्यात आधी हसू फुटलं ते मामींना.