डोमाजीची कोरी ओळ

वैनगंगेवर पूल नव्हता, डोंग्यातूनच पैलतीर गाठावा लागे, तेव्हाची ही गोष्ट. आंबेटोला नावाच्या गावात डोमाजी लांजेवार नावाचा माणूस राहत होता. गावाचं नाटक तोच लिहायचा. नाटक सुरू झालं की पडद्याआड वही घेऊन बसायचा आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचा. स्वतः मात्र तो कधी लोकांसमोर उभा राहिला नाही. असं म्हणतात, की त्याचा आवाज समोरच्या प्रेक्षकाला कधीच ऐकू जात नसे. ज्याला वाक्य हवं, त्याच्याच कानात तो उतरे.

एका भादव्यात नदी दुथडी भरली. पैलतीरी बाजाराला जाणारी माणसं काठावर जमली. डोंगा हाकणारा भुरा दिघोरे म्हणाला, "आज नको. पानी वाढून रायलं." उकाजी पाटलाला बाजारात काम होतं आणि त्यासाठी माणसं आधी पुढे पाठवून तो स्वतः मागून जाणार होता. तो भुऱ्यावर ओरडला, "हाक म्हणतो ना मी!" भुऱ्याने डोंगा हाकला. मधल्या धारेत तो उलटला आणि सात माणसं गेली. भुरा तेवढा वाहत वाहत काठाला लागला.

जो वाचला, तोच दोषी ठरला. पाटलाने आपला हुकूम लपवला आणि भुऱ्याचं कुणी खरं मानलं नाही. गावाने भुऱ्याशी बोलणं टाकलं, त्याच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू देईनात. पाटलाचं ते वाक्य ऐकलेली बाकीची माणसं नदीत गेली होती; काठावर ते ऐकणारा एकच उरला होता, तो डोमाजी. पण पाटलासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. साऱ्या गावाला वाक्यं पुरवणारा माणूस, आणि नेमका तेव्हा मुका झाला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची नाटकांची जत्रा, आली. लोक म्हणाले, "मास्तर, यंदा हासवा आमाले." डोमाजीने प्रहसन लिहिलं. एक लठ्ठ सावकार, त्याच्या दोन बायका, तिघांची पळापळ. सावकार तीनदा आपटला. एरवी लोक पोट धरून हसले असते. त्या दिवशी कुणी दातसुद्धा दाखवला नाही. डोमाजी घरी येऊन बायकोला, गिरजाला, म्हणाला, "प्रहसनात मानूस पडते, पन त्याले लागत नाही. गावाले तं लागलं आहे."

संक्रांतीला त्याने संगीत नाटक बसवलं. पेटी, तबला, गोड गळ्याची पोरं. लोकांनी माना डोलवल्या, एकेक पद पुन्हा गायला लावलं आणि जसे आले तसेच कोरडे घरी गेले. त्याच आठवड्यात कळलं, की भुरा घरदार सोडून दूर निघायचं म्हणतो आहे.

मग डोमाजीने शोकांतिका लिहिली. एक राजा हट्टाने आपलं सैन्य पुरात घालतो, दोष नावाड्यावर ढकलतो आणि शेवटी पस्तावून मरतो. राजाचं काम नेहमी उकाजी पाटलाचं. त्याने वही वाचून विचारलं,

"मास्तर, यात खलनायक काहून नाही? नावाडी फितूर होता, असं लिहा ना."

"मंग लोक त्याले शिव्या देतील आन् मोकळे होतील," डोमाजी म्हणाला. "शोकांतिकेत खलनायकाची गरज नसते, पाटील. चांगलाच मानूस चुकते. आन् त्याले ते उशिरा कळते."

पाटील चिडला, वही आपटून गेला. पण दुसऱ्या दिवशी तालमीला आला. का आला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

शिवरात्रीच्या दुपारी नाटक झालं. भुराही आला, मांडवाबाहेर उभा राहिला. शेवटच्या प्रवेशात राजा नदीकाठी आला आणि अडखळला. त्याने पडद्याकडे पाहिलं. डोमाजीच्या ओठांवर वाक्य होतं. पण त्याने ते गिळलं आणि वही मिटली.

पाटील लोकांकडे वळला. मग राजाची भाषा सुटली आणि तो आपल्या भाषेत बोलू लागला. "भुऱ्या नको म्हनत होता. मीच हाक म्हटलं. सात मानसं म्या बुडवली."

असं म्हणतात, की तेवढा वेळ वैनगंगेची धार थांबली होती.

तेव्हा पडदा हलला आणि डोमाजी जन्मात पहिल्यांदा लोकांसमोर आला. त्याने वही खाली ठेवली. तो म्हणाला, "मी ऐकलं होतं. आन् गप्प बसलो." त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

मग गाव रडलं. भादव्यापासून अडकलेलं सगळं रडून घेतलं. मांडवाची माती इतकी भिजली, की पुढच्या पावसाआधीच तिथे न पेरलेलं धान उगवलं, असं म्हणतात. बुडालेल्या एका पोरीची आई उठली, बाहेर गेली आणि भुऱ्याला हाताला धरून आत घेऊन आली. भुऱ्याने गाव सोडलं नाही. पाटलाने पाटीलकी सोडली, आणि त्या सात घरांच्या शेतात तो मरेपर्यंत राबला.

पुढे लोक डोमाजीशी वाद घालत. राजा तर मेलाच नाही, मग ही शोकांतिका कशी? डोमाजी म्हणे, "सुखांतिकेतही मानूस चुकते, पन वेळेवर कबूल करते. त्या सात जनांसाठी उशीर झाला होता. भुऱ्यासाठी नव्हता झाला. दोन्ही नाटकं एकाच मांडवात झाली, बाप्पा."

डोमाजीला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी मोजत नाही. आता नदीवर पूल आहे. पण आंबेटोल्याच्या शिवरात्रीच्या नाटकात, मग ते प्रहसन असो की संगीत नाटक, एक ओळ अजूनही लिहीत नाहीत. तिला डोमाजीची ओळ म्हणतात. तिथे आलं की पडद्याआडचा माणूस वही मिटतो. समोरच्या नटाने आपली एक खरी चूक, आपल्याच शब्दांत, गावासमोर सांगायची. कुणी बैल चोरल्याचं सांगतो, कुणी भावाशी अबोला धरल्याचं. लोक कधी हसतात, कधी डोळे पुसतात. सांगून होईपर्यंत मात्र मांडवातून कुणी उठत नाही.