अस्वलाचं औषधाचं गाठोडं

डोंगराच्या अलीकडे, दाट रानात एक अस्वल राहत असे. अंगाने दांडगं, मनाने भोळं, आणि मोहाच्या फुलांवर भारी जीव! चैत्रात डोंगरापलीकडे मोहाचा सडा पडे, तो जेमतेम चार-पाच दिवस. तेवढ्यात पोहोचलं तर चंगळ, नाहीतर बसा वर्षभर वाट बघत. गेल्या वर्षी वाटेतल्या बाभूळबनात पायात काटा मोडला आणि बिचाऱ्याला लंगडत परत यावं लागलं होतं.

यंदा त्याने ठरवलं, औषधं बरोबर घ्यायचीच. पण कोणती? इथेच स्वारी चुकली बघा! जो भेटेल त्याला विचारत सुटली. हत्ती म्हणाला, "पोटदुखीवर ओवा घे. मला फार लागतो." माकड म्हणालं, "शेपटी मुरगळली तर तेल हवंच." आता अस्वलाची शेपटी ती केवढी! पण तेलही घेतलं. बगळा म्हणाला, "घशात मासा अडकला की केळं गिळावं." केळीही घेतली. सगळं रानाकडेच्या शेतातल्या बुजगावण्याच्या जुन्या धोतरात बांधून अस्वल निघालं. सोबतीला शेजारचा ससा होता, त्याच्या गळ्यात एवढीशी पुडी.

"ससेभाऊ, एवढ्याने काय होणार?" अस्वलाने विचारलं.

"माझ्यापुरतं होईल, दादा," ससा म्हणाला.

बाभूळबन यायला आणि अस्वलाच्या पंजात काटा रुतायला एकच गाठ पडली. "मेलो रे!" म्हणत त्याने गाठोडं सोडलं. ओवा निघाला, तेल निघालं, केळ्यांचा तर पार चेंदामेंदा झाला होता. अस्वल रडकुंडीला आलं. "यात हत्तीचं पोट आहे, माकडाची शेपटी आहे, माझा पाय कुठे आहे? गेला, यंदाही मोह गेला!"

"गेला कसा? बस खाली," ससा म्हणाला. पुडीतून त्याने साळिंदराचा गळलेला काटा काढला, त्याच्या टोकाने बाभळीचा काटा अलगद उपसला आणि दगडी पाला चुरगळून जखमेवर रस पिळला. रक्त थांबलं. मग पट्टी काढली, पण सशाच्या पायाच्या मापाची ती पट्टी अस्वलाच्या एका बोटालाही पुरेना! दुखत असूनही अस्वलाला हसू फुटलं. शेवटी धोतर फाडून पाय बांधला. एवढ्या मोठ्या गाठोड्यात कामाला आलं ते नुसतं फडकं.

"तुला बरं हे सुचलं!" अस्वल म्हणालं.

"सुचायचं काय त्यात? गेल्या वर्षी याच वाटेवर तुझं काय झालं होतं, तेवढं आठवलं."

दोघे हळूहळू डोंगर ओलांडून गेले आणि मोहाखाली पोटभर जेवले. अस्वलाचा तो आनंद काय सांगावा!

पुढच्या चैत्रात अस्वलाच्या गळ्यातही लहानशी पुडी होती. आत साळिंदराचा काटा, दगडी पाला आणि स्वतःच्या पायाच्या मापाची लांबलचक पट्टी. हत्तीने हाक मारली, "अरे, ओवा राहिला!"

"पोट तुमचं, गजोबा. ओवाही तुमच्यापाशीच असू द्या," अस्वल म्हणालं आणि झपाझप वाटेला लागलं.

तात्पर्य : औषधं बरोबर घेताना गावभरची दुखणी विचारत बसू नये, आपली वाट आणि आपलं दुखणं आधी आठवावं.