तीनदा पडलेलं मीठ

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, पण गोष्ट मनापासून सांगतो.

फार जुन्या काळी नदीकाठी एक मठ होता. तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना सगळे माई म्हणत. त्यांचे तीन शिष्य होते. एक पोथ्या वाचून ज्ञान मिळवी. दुसरा भजनात रमे. तिसरा पाणी भरी, लाकडं फोडी, आजाऱ्यांची सेवा करी. देवाकडे नेणारी वाट आपलीच खरी, असं प्रत्येकाला वाटे.

"तुझ्या भजनानं चूल पेटते का रे?" कामकरी विचारी.

"आणि तुझ्या लाकडांनी मन उजळतं का?" भजनी म्हणे.

पोथीवाला नुसता हसे. त्याचाच दोघांना जास्त राग येई.

एका द्वादशीला शंभर माणसं मठात पारणं सोडायला आली. आदल्या दिवशी त्यांनी निर्जळी एकादशी केली होती. ऊन अंगणातल्या पारावर आलं की द्वादशी संपणार होती. त्याआधी चार घास पोटात गेले नाहीत, तर सगळं व्रत फुकट जाणार होतं.

माईंनी आमटीचं काम तिघांवर सोपवलं. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, हा मठाचा नेम. आणि त्या दिवशी तिघांचा अबोला होता. पोथीवाल्याने मोजून मीठ घातलं. भजन्याने देवाचं नाव घेत घातलं. "हे दोघे कसलं घालतात!" म्हणून कामकऱ्यानेही घातलं.

नैवेद्य झाला. पंगतीतल्या एका म्हातारीने पहिलाच भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं.

"माई, समुद्र वाढलात की काय हो?"

तिघांचे चेहरे उतरले. प्रसाद टाकता येत नाही आणि नवा स्वयंपाक करायला वेळ नाही.

"मीठ मी घातलं होतं," पोथीवाला हळूच म्हणाला.

"मीही."

"मीपण."

"म्हणजे तीनदा पडलं. आता आमटी तिप्पट करायला हवी," पोथीवाल्याने हिशोब केला.

"मी आणखी दोन हंडे चढवतो," कामकरी उठला.

"आणि मी घरोघरचं अळणी वरण मागून आणतो!" भजनी गातच धावला.

बाया वरणाची पातेली घेऊन त्याच्यामागे आल्या. पोरं आली. ज्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं, तेही आले. खारट आमटी तिन्ही हंड्यांत वाटून वर वरण ओतलं आणि हंडे खदखदले. ऊन पाराला टेकण्याआधी शंभर जणांचं पारणं सुटलं आणि मग सगळं गाव जेवलं. म्हातारीने तर तीनदा आमटी मागून घेतली.

"माई, मग वाट कुणाची खरी?" भजन्याने विचारलं.

"आधी भात वाढ रे बाबा!" माई भरल्या तोंडाने म्हणाल्या. पंगत पोट धरधरून हसली.

बोध असा: देवाकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या असल्या, तरी शेजारच्या वाटेवरच्या माणसाशी बोलत चालावं.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्या भावासमोर जाऊन उभा राहिलो. एकाच शेतात राबतो आम्ही, पण बोलणं कमी. म्हटलं, "दादा, आज मी कुठून सुरुवात करू?"