बारा म्हशींचं पाणी

घाटाच्या पूर्वेला, जिथे येईपर्यंत ढग निम्मेअर्धे रिकामे झालेले असतात, अशा एका रानात एक टिटवी राहत असे. टिटवी पाय आभाळाकडे करून झोपते, हे तुम्ही ऐकलंच असेल. आभाळ कोसळलंच, तर निदान आपल्या पिल्लावर पडू नये, एवढाच तिचा हेतू. पण त्या हिवाळ्यात तिची झोप उडाली ती आभाळामुळे नव्हे. आभाळ जागच्या जागी होतं, निळंभोर आणि कोरडं ठणठणीत. ना धुकं, ना दंव. तिला घोर लागला होता तो तळ्याचा. आभाळ पायांनी धरता येतं. आटणारं तळं कशाने धरायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

घोराला कारणही तसंच होतं. तिच्या पिल्लाचा डावा पंख वाढायला जरा मागे राहिला होता. ते उडायचं, पण चार हात उडून पाचव्या हातावर आपटायचं. तळं आटलं तर बाकीचे घाट ओलांडून पलीकडे जातील. पिल्लू कसं जाणार? आणि पिल्लाला टाकून ती कशी जाणार?

"उगाच काळजी करतेस," ती स्वतःलाच बजावायची. मग वाटायचं, उगाच कशी? आणि मग वाटायचं, गेल्या वर्षी वाळक्या पानाला साप समजून आपण अख्खं रान जागं केलं होतं. तेव्हापासून ती ओरडली की कूस बदलता बदलता सगळे एकच म्हणायचे, "टिटवीच आहे ती."

आता त्या रानात एक रीत होती. तळ्याच्या मधोमध एक उंच दगड होता आणि त्यावर जुन्या पाण्याने उमटवलेल्या तीन रेषा होत्या. वरच्या रेषेचं नाव 'लोळा', मधलीचं 'प्या' आणि खालचीचं 'निघा'. मार्गशीर्षातली थंडी पडली की सगळे काठावर जमायचे आणि पाणी कोणत्या रेषेला आहे ते बघायचे. 'लोळा'ला असलं तर वर्षभर हवं तसं डुंबा. 'प्या'ला असलं तर नुसतं प्या. 'निघा'ला असलं, तर पोरंबाळं घ्या आणि चालू लागा. पूर्वी हे माप पहाटे घेत. पण अलीकडे मापाचं काम कोल्ह्याकडे आलं होतं, आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय कोल्हा बिळाबाहेर पाय काढत नसे. म्हणून माप दुपारवर गेलं. दुपारी रानातल्या बारा म्हशी पाण्यात बसलेल्या असत. पण त्या नेहमीच तिथे बसत असल्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

त्या वर्षीही कोल्हा काठावर उभा राहिला. त्याने एक डोळा मिटून दगडाकडे पाहिलं आणि खाकरून जाहीर केलं, "लोळा."

सगळ्यांना बरं वाटलं. टिटवीला मात्र बरं वाटेना. "कोल्हेबुवा," ती म्हणाली, "यंदा आपल्याकडे मोजून दहा दिवस पाऊस पडला. मी मोजलेत. मग पाणी 'लोळा'ला कसं?"

कोल्ह्याने शेजारच्या बगळ्याकडे पाहिलं. बगळा पावसाळाभर घाटाच्या पलीकडे राहून नुकताच परतला होता. "सांगा हो, पलीकडे किती पडला?"

"काय विचारता," बगळा म्हणाला, "शंभर दिवस. माझ्या पाठीवर शेवाळ धरायचं बाकी होतं."

"झालं तर," कोल्हा म्हणाला. "पलीकडे शंभर, अलीकडे दहा. डोंगर एक, आभाळ एक. मिळून एकशे दहा. दोघांत वाटले की आपल्या वाट्याला पंचावन्न दिवस येतात. पंचावन्न दिवस म्हणजे उत्तम पाऊस."

"मग आपले उरलेले पंचेचाळीस दिवस पलीकडून मागून आणता का?" टिटवीने विचारलं. तिला हे खरंच विचारायचं होतं. पण सगळे हसले.

"टिटवीबाई," कोल्हा प्रेमाने म्हणाला, "तुम्ही आभाळाचं बघा, पाण्याचं मी बघतो."

'लोळा' जाहीर झाल्यावर मग काय विचारता. ससे जेवणाआधी आणि जेवणानंतर पाय धुऊ लागले. रानडुकरांनी पोरांना पोहायला शिकवायचं काढलं. माकडं झाडावरून उड्या टाकायची आणि कुणाची उडी जास्त पाणी उडवते याच्या शर्यती लावायची. टिटवी काठावर बसून उडालेले थेंब मोजायची. मोजून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं, तरी मोजायची.

एक दिवस सकाळी पिल्लू पाण्यातून आलं आणि म्हणालं, "आई, काल दुपारी पाणी माझ्या पोटाला लागत होतं. आज नुसती नखं भिजली."

"रात्रीतून उंच झाला असशील."

"मग दुपारी परत बुटका होतो?"

टिटवीने पिल्लाचे पाय वरून खाली न्याहाळले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती स्वतः त्याच जागी जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या नखांना लागत होतं. या वयात आपले पाय वाढतील असं तिला वाटत नव्हतं, पण स्वतःबद्दल तिला कधीच काही खात्रीने सांगता येत नसे, म्हणून ती हलली नाही. ऊन चढलं. पहिली म्हैस आली आणि फुस्स करून पाण्यात बसली. पाणी टिटवीच्या घोट्याला लागलं. दुसरी बसली, तिसरी बसली. आभाळात ढग नव्हता, ओढा कधीचा आटलेला होता, तरी पाणी तिच्या पायांवरून वर चढत होतं. सहावी बसली तेव्हा गुडघा बुडाला. बारावी बसली तेव्हा छाती भिजली. तिने दगडाकडे पाहिलं. पाणी बरोबर 'लोळा'ला लागलेलं होतं.

तेव्हा टिटवीच्या ध्यानात आलं. आपण माप घेतलं ते पाण्याचं नव्हतंच. ते म्हशींचं होतं.

आणि हे आता चारचौघांत सांगायला हवं होतं. वाळक्या पानाची आठवण झाली. ती मनात वाक्यं जुळवत, दोनदा परत फिरत, शेवटी एकदाची कोल्ह्याकडे गेली. "कोल्हेबुवा, माझंच काही चुकत असेल, पण म्हशी उठवून एकदा माप घ्याल का?"

"माप झालंय," कोल्हा उन्हात पाठ शेकत म्हणाला. "आता पुढच्या मार्गशीर्षात."

"तोवर तळं राहायला हवं ना."

"गेल्या वर्षीचा साप गेला का हो?" कोल्ह्याने विचारलं. आजूबाजूचे ससे तोंड दाबून हसले.

टिटवी मागे वळली. काठावर तिचं पिल्लू उडायचा सराव करत होतं. चार हात उडून पाचव्या हातावर आपटलं. टिटवीने ते पाहिलं आणि ती सरळ तळ्यात शिरली. बारा म्हशींतली सगळ्यांत म्हातारी म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. टिटवी तिच्या शिंगावर जाऊन बसली.

"आजी, जरा उठता का?"

"का गं?"

"पाणी किती आहे ते बघायचंय."

"हे काय, एवढं आहे," म्हातारीने डोळे न उघडता सांगितलं. "माझ्या कानापर्यंत."

"तुम्ही बसलात म्हणून कानापर्यंत आहे. उठलात तर कळेल."

"बसल्यावर कळतंय तर उठायचं कशाला?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा रवंथ करू लागली. बाकीच्या अकरा जणींनी माना डोलावल्या. मोठी उठल्याशिवाय त्यांच्यात कुणी उठत नसे.

विनवून झालं, समजावून झालं. मग टिटवीने, जे तिला जन्मापासून येत होतं आणि ज्याची तिला जन्मापासून लाज वाटत होती, ते केलं. तिने म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडायला सुरुवात केली. टिटिव-टिव, टिटिव-टिव. झाडाची सावली दगडापासून काठापर्यंत सरकली तरी ती थांबली नाही. म्हातारीने एक कान मिटला. टिटवी दुसऱ्या कानाशी गेली.

अखेर म्हातारी उठली. "बाई गं," ती म्हणाली, "तुझं ऐकण्यापेक्षा उन्हात वाळलेलं बरं." ती काठावर गेली. तिच्यामागे एकेक करत अकरा जणी गेल्या.

पाणी खाली उतरलं. काठावर पाय भिजवत बसलेल्या सशांचे पाय कोरडे झाले. उडीच्या तयारीत असलेल्या माकडाने खाली पाहिलं आणि फांदी घट्ट धरली. दगड वर आला, आणखी वर आला. 'लोळा' उघडी पडली. 'प्या'ही उघडी पडली. तिच्या बोटभर खाली पाणी थांबलं.

सगळ्यांनी कोल्ह्याकडे पाहिलं. मग कोल्हा म्हणाला, "म्हशींनी पाणी बाहेर नेलं."

"आमच्या अंगावर चार थेंब आहेत," म्हातारी म्हणाली. "हवं तर झटकून देते." आणि तिने खरोखरच अंग झटकलं. त्यातले तीन थेंब कोल्ह्याच्या तोंडावर पडले.

त्या संध्याकाळी नवे नियम ठरले, आणि ते ठरवताना कुणी हसलं नाही. डुंबणं बंद. उड्या बंद. ससे पाय पुसून घेऊ लागले. रानडुकरांनी पोहण्याची शाळा मोडली आणि नाकाडांनी ओढ्याच्या कोरड्या वाळूत झिरे उकरले. त्यात रात्रभर ओंजळभर पाणी साचायचं. ते आधी लहानांनी प्यायचं, मग मोठ्यांनी. म्हशी झाडाखालच्या सावलीत बसू लागल्या आणि तिथूनही कुरकुर करू लागल्या. माप पुन्हा पहाटेवर आलं, आणि ते घ्यायचं काम टिटवीकडे आलं, कारण ती तशीही जागीच असायची. मीही तेच म्हणत होतो, असं कोल्हा भेटेल त्याला सांगत राहिला.

ज्येष्ठात पहिले ढग घाटावर दिसले, तेव्हा पाणी 'निघा'च्या एक बोट वर होतं. कुणाला रान सोडून जावं लागलं नाही. पिल्लू तोवर तळ्याच्या या काठावरून त्या काठापर्यंत उडायला लागलं होतं.

एका दुपारी करवंदीच्या जाळीत टिटवी जरा आडवी झाली आणि सवयीने तिचे पाय वर गेले. पिल्लू शेजारीच होतं. या सगळ्यातून त्याने काहीतरी शिकावं असं तिला फार वाटत होतं. पण ते शिकेल की नाही याचीही काळजी होतीच, म्हणून तिने स्वतःच सांगून टाकलं :

तात्पर्य : दुसऱ्याच्या पावसावर आपलं तळं मोजू नये, आणि मोजायचंच असेल, तर आधी म्हशी उठवून बघावं.

पिल्लाने आईच्या वर गेलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणालं, "आई, तू कधी पाय खाली घेऊन बघितलंस का?"