बुधाजीने फळी निवडली

समुद्रात लांबवर घुसलेल्या एका टोकावर कोंडबंदर नावाचं गाव होतं आणि त्या गावात बुधाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती, तर 'जरा थांब' असं कुणी म्हटलं की 'आता चल' म्हणणारा भेटेपर्यंत तो थांबलेलाच असे. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, कारण ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. समोरच्या किनाऱ्यावरच्या सुलभाला तो त्याचसाठी आवडायचा. तिच्या बापाला, म्हणजे जगन्नाथ तांडेलाला, तो त्याचसाठी आवडायचा नाही.

त्या सुमारास कोंडबंदरात एक नवं खूळ आलं होतं. शहरातली माणसं काळे चष्मे लावून यायची, लांबलचक फळीवर उभी राहायची आणि हातात एकच वल्हं घेऊन वाऱ्याबरोबर समोरच्या किनाऱ्याला जायची. होडी असताना फळीवर का जायचं, हे गावाला कळत नव्हतं. पण माणसं गाड्यांतून येत होती, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं गावाने ठरवलं. वर्षातून एकदा त्यांची मोठी शर्यत असे.

बुधाजीला वाढवलं होतं येसूआत्येने. ती त्याच्यासाठी सुलभाला मागणी घालायला गेली, तेव्हा तांडेलाने अट घातली. बुधाजी या शर्यतीत फळीवरून पहिला आला, तर त्याच दिवशी माळा घालून टाकू. नाही आला, तर पुन्हा माझ्या पोरीचं नाव काढायचं नाही.

बुधाजी निघाला सबनीस सरांकडे. सर किनाऱ्यावर फळ्या विकायचे आणि त्यावर उभं राहायला शिकवायचे. ते स्वतः पाण्यात उतरून बरीच वर्षं झाली होती, पण बोलण्यात वारा, लाटा सगळं असायचं. बुधाजीने विचारलं, फळी कशी घ्यावी? सर म्हणाले, "सगळं वजनावर असतं. तुझ्या वजनाची फळी घे."

बुधाजीने लिलावाच्या जागेवरचा मासळीचा मोठा काटा मागून घेतला. एका पारड्यात स्वतः बसला, दुसऱ्यात सरांची फळी ठेवली. फळी आभाळात गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. सरांच्या सगळ्या फळ्या हलक्या निघाल्या. शेवटी काटा बरोबर झाला तो आत्येच्या घराच्या पुढच्या दारावर. अस्सल फणसाचं दार ते. बुधाजीने ते बिजागऱ्यांतून काढलं, पाण्यात टाकलं आणि वर उभा राहिला. थोड्या वेळाने दार पाण्याखाली होतं आणि बुधाजीची नुसती मान वर होती. तशाही स्थितीत तो वल्हवत होता.

आत्येने कपाळावर हात मारला. "मेल्या, घेवच्या आधी पाण्यात टाकून बघूक नको? तरंगलां तर घेवचां, नायतर थंयच ठेवचां."

बुधाजीला ते पटलं. पुढच्या वेळी हेच करायचं, असं त्याने ठरवलं.

पुढची वेळ लगेच आली. आत्येचा जीव उतावळा. शर्यत व्हायची होती, पण साखरपुड्याची साखर घरात असलेली बरी म्हणून तिने बुधाजीला बाजारात पाठवलं. त्याने साखर मागितली, वाण्याच्या पाण्याच्या पिंपात टाकली आणि तरंगते का ते पाहत बसला. तरंगेना. त्याने आणखी मागितली. तीही बुडाली. वाण्याचं पोतं संपलं तरी तरंगणारी साखर काही सापडली नाही. गाव त्या पिंपाचं सरबत दुपारपर्यंत पीत होतं.

आत्ये म्हणाली, असल्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो. कागदात, कापडात गुंडाळून जपून आणायची. बुधाजीला तेही पटलं.

मग त्याला सरांकडून खरी फळी मिळाली. लांब, अरुंद, पुढचं नाक वर उचललेली. तिथे चार शहरी गिऱ्हाईकं उभी होती. एकाच्या मते फळी आणखी अरुंद हवी होती, एकाच्या मते रुंद, तिसऱ्याच्या मते सगळा खेळ रंगाचा होता आणि चौथा तिघांनाही मान डोलवत होता. बुधाजीने फळी कागदात गुंडाळली, कापडात गुंडाळली, वर ताडपत्री बांधली आणि घरी आणली. शर्यतीपर्यंत तो रोज तिच्यावर अंगणात उभा राहून वल्हवत होता. फळीला पाण्याचा थेंबही लागला नाही. कोंबड्या सोडल्या तर त्याच्या वाटेत कुणी आलं नाही.

शर्यतीच्या सकाळी तो ताडपत्रीसकट किनाऱ्यावर आला. सरांनी ताडपत्री ओढून काढली आणि घाईघाईत दोन गोष्टी बजावल्या. "फळी पाण्यासाठीच असते रे, पण तिला हातची सोडायची नाही, काही झालं तरी. आणि वारा कायम पाठीवर ठेव. वारा पाठीवर आहे तोवर थांबायचं नाही."

आत्येनेही जाता जाता सांगून ठेवलं. "परत येताना हात हलवत येव नको. जिच्या गळ्यात हार, ती या घरची सून. तिका उंबऱ्यार थांबव, माप ओलांडून आत घे."

बुधाजीने सगळं लक्षात ठेवलं.

शर्यत सुटली. समुद्रावरून वारा भरात आला होता. शहरी गडी थोडं वल्हवायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे. मग एकमेकांच्या फळ्यांकडे बघायचे आणि आपली चुकली असं वाटून खट्टू व्हायचे. बुधाजीला बघायला काही नव्हतं. वारा पाठीवर होता, तो जात होता. लाटा त्याला उचलून पुढे ढकलत होत्या. तो सगळ्यांच्या आधी समोरच्या किनाऱ्याला लागला.

सुलभा हार घेऊन उभी होती. इतके दिवस तिने देवाला काय काय कबूल केलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. तांडेलाचा चेहरा पडला होता, पण शब्द तो शब्द. बुधाजीने फळी डोक्यावर घेतली, सासऱ्याला मान लववून रामराम केला आणि चालतच राहिला.

"अरे, थांब की," तांडेल म्हणाला.

"वारो अजून पाठीर आसा, मामानु," बुधाजी म्हणाला आणि गावातून टेकडीच्या वाटेला लागला. मागून शहरी गडी किनाऱ्याला लागले. पहिला आलेला माणूस टेकडी चढतोय, म्हणजे यात काहीतरी असणार. त्यांनीही फळ्या डोक्यावर घेतल्या आणि रांगेने टेकडी चढायला लागले.

दिवेलागणीला वारा फिरला. आता तो जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागला. टेकडीवरून बुधाजी फिरला, त्याच्यामागे रांग फिरली. सुलभा अजून तिथेच उभी होती. तिला रडू येत होतं. तो आता पुढ्यातून जाणार आणि थांबणार नाही, हे तिने ओळखलं आणि सगळा जोर काढून हार त्याच्या अंगावर फेकला. हार पडला फळीच्या उचललेल्या नाकावर. बुधाजी तसाच पाण्यात उतरला.

घरी आला तेव्हा आत्ये भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी होती. दार नव्हतंच. बुधाजीने तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलं, फळीच्या नाकाने ते अलगद आत लवंडलं आणि फळी देवापुढे नेऊन टेकवली. आत्येने पुन्हा कपाळावर हात मारला.

तेवढ्यात तांडेलाची होडी लागली. सुलभा बापाला घेऊनच आली होती. हार आपण घातला म्हणजे लग्न झालं, असं ती त्याला साऱ्या वाटेत पटवत आली होती आणि तो कसाबसा वळला होता. ती आत शिरली. देवापुढे फळी, फळीला हार, वर हळदकुंकवाची बोटं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"ही थोरली," बुधाजी म्हणाला. "तू धाकटी."

सुलभाने कोपऱ्यातलं वल्हं उचललं. बुधाजी उडी मारून अंगणात आला आणि पळत सुटला. वारा अगदी तोंडावर होता, पण तेवढ्या एका वेळी त्याने वाऱ्याकडे पाहिलं नाही.