गुणवंतरावांच्या गाडीची दोन तोंडं

वर्ध्याकडच्या एका गावात गुणवंतराव ढोबळे नावाचे एक भोळे गृहस्थ राहत होते. ते भोळे आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. "माझ्या डोक्याला एकच दार आहे," ते म्हणायचे. "आत गेलेली गोष्ट दुसरीकडून निघून जायची सोयच नाही."

इतकी वर्षं त्यांचं निभावलं ते त्यांच्या बायकोमुळे. शालिनीबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कोणाला काय सांगावं आणि कसं सांगावं हे त्यांना बरोबर समजायचं. गुणवंतरावांना त्या एका वेळी एकच काम सांगायच्या आणि ते झालं की "झालं, आता थांबा," असंही सांगायच्या. मागच्या वर्षी शालिनीबाई गेल्या. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी दोन कामं सांगितली. एक, माझी गाडी पुसत जा. दुसरं, घराकडे लक्ष द्या. थांबा म्हणायचं मात्र राहून गेलं.

म्हणून गुणवंतराव रोज सकाळी गाडी पुसायचे. आणि रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून, रस्त्याकडे पाठ करून, घराकडे लक्ष देत बसायचे.

त्यांची मुलगी रेवती नागपुरात राहायची. वडील भिंतीकडे बघत बसतात हे तिच्या कानावर गेलं. तिनं फोन केला.

"बाबा, आता एकटं राहणं पुरे. नागपूरला चला."

"मी आलो तर घराकडे लक्ष कोण देईल?"

रेवती म्हणाली, "बरं, असं करू. एक काम तुमच्या हातानं धड करून दाखवा. एकच. मग मी चला म्हणणार नाही."

"कोणतं?"

"आईच्या गाडीच्या सायलेन्सरची ती दोन टोकं. पार गंजलीत. नवी बसवा. मेकॅनिक नको, तुम्ही. रविवारी येऊन बघते. नाही जमलं तर मुकाट्यानं माझ्यासोबत यायचं."

गुणवंतराव गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. धूर जिथून बाहेर पडतो तिथं दोन नळकांडी होती. कधीकाळी ती चकचकीत असावीत. आता त्यांचा रंग जुन्या गुळासारखा झाला होता.

शेजारचे बोंडेभाऊ कुंपणावरून डोकावले. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला समजतं अशी त्यांची समजूत होती. गाडी बसून बसून बिघडू नये म्हणून दर आठवड्याला तिचं इंजिन तेच थोडा वेळ सुरू करायचे.

"काय करून राहिले जी?"

गुणवंतरावांनी सगळं सांगितलं.

"हात्तिच्या! यात काय आहे? तोंडंच तर बदलायची. जुन्या तोंडाचं माप घ्या, दुकानात जा, नवी आणा."

गुणवंतरावांनी विचार केला. गाडी बारा वर्षांची. आपण बासष्टचे. मग जुनं तोंड कोणतं? त्यांनी सुतळी घेतली, कपाळापासून हनुवटीपर्यंत धरली, गाठ मारली आणि स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

दुकानदारानं सुतळी ताणून पाहिली. "काका, एवढं मोठं तोंड कोणत्या गाडीला असते? रोडरोलरला?"

"रोडरोलरला नाही जी. मला."

दुकानात बसलेले चार लोक बाहेर जाऊन हसून आले. शालिनीबाईंची पांढरी गाडी गावात सगळ्यांना माहीत होती. दुकानदारानं तिला बसतील अशी दोन नवी तोंडं काढून दिली आणि समजावलं, "काका, माप-बिप नका आणत जाऊ. काही घ्यायचं असलं की जुनी वस्तूच सोबत आणायची. घोळ होत नाही."

हे गुणवंतरावांना पटलं. येताना चहापत्ती घ्यायची होती. ते आधी घरी गेले, गाळणीतला सकाळचा चोथा पुडीत बांधला आणि किराणा दुकानात जाऊन पुडी पुढे केली. "अशी द्या."

गुरुवारी त्यांनी कामाला हात घातला. प्रत्येक जुनं तोंड एका बोल्टनं आवळलेलं होतं आणि बोल्ट गंजून बसला होता. पाना लावला, जोर केला, गुणवंतराव स्वतः फिरले. बोल्ट जागचा हलला नाही.

"तेल सोडा त्यावर," बोंडेभाऊ कुंपणावरून म्हणाले. "आणि मुरू द्या चांगलं."

मुरवण्याचं काम गुणवंतरावांनी शालिनीबाईंच्या हाताखाली पुष्कळदा केलं होतं. त्यांनी जवसाचं तेल कडकडीत तापवलं आणि गार केलं. बोल्टाला मीठ चोळलं, तिखट लावलं, मोहरीची पूड भुरभुरली, वरून तेल सोडलं आणि पांढरं फडकं बांधून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी गाडीखाली गल्लीतली सगळी कुत्री शिंकत होती.

"अरे बाप्पा!" बोंडेभाऊंनी डोक्याला हात लावला. "लोणचं घातलं काय जी बोल्टाचं? अहो, खायचं तेल नाही, मशीनचं तेल! जे आखडलं असंल त्याला मशीनचं तेल. दोन थेंब टाकले की मोकळं."

गुणवंतरावांनी शालिनीबाईंच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची डबी काढली. डबी घेऊन बाहेर येतात तोच बोंडेकाकू वाटी मागायला आल्या. पायरीवर बसता बसता कण्हल्या.

"काय सांगू भाऊजी, गुडघे असे आखडले आहेत ना!"

गुणवंतरावांनी डबी उलटी केली आणि काकूंच्या नव्या पातळावर, उजव्या गुडघ्यावर दोन आणि डाव्या गुडघ्यावर दोन असे थेंब टाकले.

काकू अशा उठल्या की गुडघे मोकळे झाले यात शंकाच राहिली नाही. "अहो, हे काय भलतंच! बाईमाणसाच्या अंगावर तेल टाकता? कोणाला हात लावायच्या आधी विचारावं माणसानं!"

गुणवंतराव खजील झाले. चूक आपली होती. विचारायला हवं होतं. त्यांनी उरलेलं तेल बोल्टावर टाकलं, पाना घेतला, गाडीमागे चटई अंथरून आडवे झाले आणि अदबीनं म्हणाले, "काढू का?"

बोल्ट काही बोलला नाही. गुणवंतराव थांबले. उन्हं डोक्यावर आली.

"कोणाशी बोलून राहिले?" बोंडेभाऊ जेवून, सुपारी कातरत आले.

"बोल्टाला विचारलं काढू का म्हणून. अजून हो म्हणाला नाही."

बोंडेभाऊंची सुपारी घशात अडकता अडकता राहिली. "गुणवंतराव, तुम्ही नागपूरला जाच! अहो, हा लोखंडाचा तुकडा. त्याला काय विचारता? धरायचा आणि पिळायचा. कितीही कुरकुरला तरी सोडायचा नाही!"

गुणवंतरावांनी धरला आणि पिळला. बोल्ट कुरकुरला. त्यांनी सोडला नाही. आणि काय सांगावं, तेल खरंच आत उतरलं होतं. बोल्ट फिरला, जुनं तोंड हातात आलं. मग दुसरंही आलं.

"शाब्बास!" बोंडेभाऊंना मनापासून आनंद झाला. त्यांनी अभिनंदनाला हात पुढे केला.

गुणवंतरावांनी धरला आणि पिळला.

"आई गं! सोडा! अहो, सोडा!"

"कुरकुरला तरी सोडायचा नाही ना?"

अखेर काकूंनी येऊन नवऱ्याला सोडवलं. बोंडेभाऊ मनगट चोळत पायरीवर बसले. मग त्यांनी गुणवंतरावांना समोर बसवलं आणि शालिनीबाईंच्याच सुरात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हे पाहा. रविवारपर्यंत माणसाच्या वाटेला जायचं नाही. हात म्हटलं, पाय म्हटलं, तोंड म्हटलं, काहीही म्हटलं तरी ते गाडीचं. तोंड म्हणजे सायलेन्सरचं तोंड. बाकीची तोंडं तुमच्यासाठी नाहीत. समजलं?"

"समजलं," गुणवंतराव म्हणाले. आणि त्यांना खरंच समजलं होतं.

शनिवारी त्यांनी नळीवरचा गंज पॉलिश पेपरनं घासला, नवी तोंडं सरकवली, सरळ आहेत की नाही ते चार वेळा मान वाकडी करून पाहिलं आणि बोल्ट आवळले. त्यात काही म्हणजे काही चुकलं नाही. ते लांब जाऊन पाहू लागले. मग जवळ येऊन पाहू लागले. हे शालिनीला दाखवावं, असं म्हणून ते दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

रविवारी सकाळी काकूंनी कुंपणावरून हाक मारली. "भाऊजी, पोट्टी येऊन राहिली ना? तोंड धुतलं की नाही?"

गुणवंतराव लगबगीनं उठले. साबण, पाणी, मऊ फडकं घेऊन त्यांनी दोन्ही तोंडं आतून बाहेरून धुतली. थोडी पावडरही लावली.

दहाच्या सुमाराला रेवती आली. वडिलांच्या कपाळावर ग्रीस होतं, गालांवर गंज होता, दाढी वाढलेली होती. तिचा चेहरा उतरला. मग ती गाडीच्या मागे गेली.

दोन्ही तोंडं उन्हात लखलखत होती. तिनं वाकून पाहिलं. हात लावून हलवून पाहिलं. हलली नाहीत.

"हे तुम्ही केलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"बोल्ट आधी नाही म्हणत होता," गुणवंतराव म्हणाले. "पण मीच केलं."

रेवती कुंपणाला टेकून उभी राहिली. घराकडे बघत होती. आई असताना तिनं या माणसाला कधी खिळा ठोकतानाही पाहिलं नव्हतं. बोंडेभाऊ पट्टी बांधलेला हात उंचावून म्हणाले, "साक्षीदार आहे मी!" काकूंनी या दिवसासाठी शिरा केला होता. त्यांनी भरलेलं पातेलं आणून पायरीवर ठेवलं.

"बाबा, जिंकलात तुम्ही," रेवती म्हणाली. "आता नागपूरचं नाव काढणार नाही. चला, आधी तोंड गोड करा! मी हातपाय धुऊन येते, मग आईच्या गाडीतून गावात एक चक्कर मारू."

ती आत गेली. बोंडे नवराबायको ताटल्या आणायला घरी गेले.

गुणवंतराव पातेल्याजवळ एकटे राहिले. त्यांना भूक लागली होती आणि शिऱ्याला तुपाचा वास सुटला होता. पण बाकीची तोंडं त्यांच्यासाठी नव्हती. त्यांनी पातेलं उचललं, गाडीमागे बसले आणि दोन्ही तोंडांत सारखा शिरा भरला. पक्षपात केला नाही. बोटानं आत दाबून दाबून भरला, काजू वर येतील असा.

रेवती बाहेर आली ती चावी घेऊन थेट गाडीत बसली. बोंडेभाऊ धावत येऊन गाडीच्या मागे उभे राहिले. गाडी मागे घ्यायची म्हटल्यावर त्यांना तिथं उभं राहिल्याशिवाय राहवत नसे.

"काढ पोरी! येऊ दे!" त्यांनी बरा हात हलवला.

इंजिन सुरू झालं, गुदमरलं, बंद पडलं.

"परत मार! येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

रेवतीनं चावी फिरवून जोरात रेस दिली. फाट्‌ असा आवाज झाला. लगेच दुसरा फाट्‌. आणि आलं.

धूर विरला तेव्हा बोंडेभाऊ होते तिथंच उभे होते. टोपीपासून छातीपर्यंत शिरा होता. "येऊ दे" म्हणताना तोंड उघडं राहिलं होतं, तेही आता भरलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. बोंडेभाऊंनी सावकाश चावलं, गिळलं आणि म्हणाले, "साखर बरोबर आहे. जरा धुरकट लागते."

"घरी कधी साखर बरोबर म्हणाले नाहीत," काकू म्हणाल्या.

रेवती गाडीतून उतरली, रिकामं पातेलं बघितलं, सायलेन्सर बघितला, वडिलांच्या बोटांना चिकटलेला रवा बघितला. "बाबा! हे काय केलंत?"

"तोंड गोड केलं," गुणवंतराव म्हणाले. "दोन्ही."

रेवती पायरीवर बसली आणि हसायला लागली. पदरानं डोळे पुसायची, वर बघायची, काजू चिकटलेले बोंडेभाऊ दिसायचे की पुन्हा हसायची. थोड्या वेळानं ती नुसतेच डोळे पुसत राहिली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

गुणवंतराव अवघडून उभे होते. एवढं धड केलेलं काम आपणच घालवलं, हे त्यांना समजलं होतं. "नापास का गं?" त्यांनी विचारलं. "पिशवी भरू?"

"नको, भरू नका!" ती घाईघाईनं म्हणाली. मग उठून त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या कपाळावरचं ग्रीस पदरानं पुसू लागली. "तोंडं अजून जागच्या जागी आहेत. काम पास. बाकी तुम्ही कुठंही गेलात तरी असेच राहणार, आणि नागपुरात बोंडेकाका कुठून आणू? राहा बाबा. तुम्ही इथंच राहा."

गुणवंतरावांचा चेहरा उजळला. मनासारखी सूचना त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच मिळाली होती.

बाबा दिवसभर गाडीपासून हलले नाहीत, तेव्हा नव्या तोंडांचं कौतुक संपत नसेल असं समजून रेवती संध्याकाळच्या बसनं गेली. तिला स्टँडवर सोडून बोंडेभाऊ परतले, तर गुणवंतराव गाडीच्या मागे, सकाळी जिथं होते तिथंच उभे. पायाखाली शिरा सांडलेला होता आणि मुंग्या त्यांच्या घोट्यापर्यंत चढल्या होत्या.

"अहो, आत चला ना! दुपारचं ताटही इथंच मागवलं म्हणे. काहून उभे आहात?"

"रेवती म्हणाली ना, इथंच राहा."

बोंडेभाऊंनी डोळे मिटले, उघडले. "बरं, दोन पावलं तरी बाजूला सरका. मुंग्या चावून राहिल्या ना जी!"

"सरकतो की," गुणवंतराव एक पाय झटकत म्हणाले. "ती घरी पोहोचली की फोन करून विचारतो."

नागपूरला पोहोचायला त्या बसला दोन तास लागतात.