यासोकिचीने छाटलेले देवदार

पाहुण्यांनो, चहा घेता घेता सरोवरापलीकडे बघा. त्या मिझुने टेकडीच्या दोन्ही अंगांना जुने, सारख्या उंचीचे देवदार आहेत. मधल्या उतारावर मात्र लहानमोठी, वेगवेगळ्या वयाची झाडं दिसतात. त्याचं मूळ एका चित्रात आहे, असं आमच्याकडे सांगतात.

फार पूर्वी या रानाचा राखणदार होता मागोबेई. सरदार दूर एडो शहरात राहत आणि इथला कारभार अकाबाने नावाचा कारभारी बघे. त्याने स्वतःच्या हवेलीसाठी मधल्या उतारावरची सगळी झाडं तोडली आणि चोरीचा आळ मागोबेईवर घातला. याच काठावर मागोबेईचं डोकं उडवलं. त्याची बायको ओत्सुने विधवा झाली.

मागोबेईचा धाकटा भाऊ यासोकिची चित्रांचे लाकडी ठसे कोरायचा. भावाचं रक्त वाळूत मुरलं तेव्हा तो नुसता बघत उभा होता, म्हणे.

वर्षभराने कारभाऱ्याने त्यालाच बोलावलं. सरदारांना धाडायला सरोवराचं चित्र हवं होतं, आणि त्यात टेकडी हिरवीगार हवी होती. यासोकिचीने एकेक देवदार कोरला. पहिली प्रत बघून कारभारी खूश झाला. त्याने आपली मंजुरीची मोहोर ठशातच कोरून घेतली.

घरी येऊन यासोकिचीने पुन्हा पटाशी धरली. ठशावर जी रेघ उंच राखलेली असते तीच कागदावर उमटते. ती छाटली की कागद कोरा. त्याने मधल्या उतारावरचं झाडन् झाड छाटून टाकलं. मग दोनशे प्रती छापल्या आणि एडोला रवाना केल्या.

सरदारांनी चित्रात आपली टेकडी बोडकी पाहिली. चौकशीचा हुकूम सुटला तसा कारभारी पायी धावत यासोकिचीकडे आला.

“हात चुकला म्हणून सांग. मागशील ते देतो!”

“हात चुकला नाही, सरकार. दर झाडाला दादाचं नाव घेत होतो. आणि खाली मोहोर तुमची आहे.”

कारभाऱ्याचं डोकं त्याच वाळूत उडालं. यासोकिची सगळ्यांत पुढे उभा होता. त्याने पापणी लववली नाही, असं सांगतात.

तरी यासोकिचीचा राग निवला नाही. गाव उतारावर रोपं लावी, हा उपटून फेकी. “हा उतार उघडाच राहील. बघणाऱ्याने अकाबानेच्या नावाने थुंकलं पाहिजे!” नऊ वर्षं त्याला कुणी अडवलं नाही.

दहाव्या वर्षीच्या पावसात उतार खाली आला. पायथ्याची मागोबेईची समाधी चिखलात गेली. ओत्सुने गुडघाभर गाळात उभी राहून म्हणाली, “भावोजी, कारभाऱ्याने यांना एकदा मारलं. आज तुम्ही पुरलंत.”

तीन दिवस यासोकिची हातांनी चिखल उपसत होता. समाधीचा दगड सापडला नाही. चौथ्या दिवशी त्याने तिथे एक रोप लावलं.

आजही दर वसंतात उतारावरचं पहिलं रोप तोच लावतो, ज्याला कुणाचा तरी सूड घ्यायचा असतो. कुणाचा, ते गाव विचारत नाही. लावणारा खाली उतरला की त्याला वाट करून देतात.

गेल्या वर्षी मी लावलं. जगलंय. घ्या, चहा निवतोय.